खेतोबाला उशीर का झाला?

डिचोली आणि पेडणे या महालांत ही कथा ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. तरीही ती येथे पुन्हा सांगतो. कारण ती आम्ही पुष्कळदा ऐकली, इतरांस ऐकविली, परंतु तिच्यातील निवाडा मात्र कधी मनावर घेतला नाही, असा प्रस्तुत लेखकाचा आरोप आहे. आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव त्याचे स्वतःचेच आहे.

सात बहिणी आणि त्यांचा एकुलता भाऊ खेतोबा या प्रांतात आली. लईराई शिरगावी राहिली, केळबाई मुळगावी, महामाया मये येथे, आणि आमची मोरजाई समुद्रकाठी मोरजीस. मिराबाई म्हापशास गेली व तिलाच ख्रिस्ती बांधव मिलाग्र सायबीण म्हणून भजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. एके दिवशी लईराईने भावास विस्तव आणावयास धाडले. वाटेत गावची मुले खेळत होती. खेतोबा त्यांच्यात रमला आणि विस्तवाचे विसरला. तो उशिरा परतला तेव्हा संतापलेल्या बहिणीने त्याला लाथ मारली. भाऊ रुसून वायंगिणीस निघून गेला. मग बहिणीचे डोळे उघडले. आणि त्या लाथेचे प्रायश्चित्त म्हणून वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री ती आजही निखाऱ्यांवरून चालते. तिच्यासवे हजारो धोंड हाती बेत घेऊन तो विस्तव तुडवितात. कथेला पाठभेद आहेत, पण गाभा हाच.

आता सुज्ञ वाचकांनी क्षणभर विचार करावा. आजच्या कोणत्याही कचेरीत हे प्रकरण नेले, तर दोष कोणाच्या माथी येईल? खेतोबाच्या. सांगितलेले काम त्याने केले नाही, वेळ पाळली नाही, चूल थंड राहिली. बहिणीचा राग सकारण होता. परंतु ज्या अनामिक लोकमानसाने ही कथा घडविली, त्याने शिक्षा खेळणाऱ्यास दिली नाही. ती घाई करणारीस दिली. तीही कोणा सामान्य बाईस नव्हे, प्रत्यक्ष देवीस! घाई आणि रमणे यांच्यातील खटला आमच्या पूर्वजांनी केव्हाच चालविला आणि निकाल घाईच्या विरुद्ध दिला. आम्ही त्या निकालाची जत्रा भरवितो, मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा देवीस वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा आपापल्या खेतोबास लाथ मारतो.

परक्यास उपदेश करताना स्वतःचे पाप झाकून ठेवणे बरे नव्हे. मोरजीतील अनेक घरांप्रमाणे माझ्याही घराच्या मागील अंगास पर्यटकांना देण्यासाठी दोन खोल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातली गोष्ट. मोपाच्या विमानतळावरून भल्या पहाटे एक कुटुंब येऊन दारात उभे राहिले आणि नेमकी खोलीची किल्ली टेंबवाड्याला चुलतभावाच्या घरी राहिलेली. नऊ वर्षांच्या मुलाला ती आणावयास पिटाळले. पाव घटकेचे काम. पण तासभर झाला तरी मुलाचा पत्ता नाही. पाहुणे अंगणात सामानावर बसलेले, बायको दुसऱ्यांदा चहा टाकते आहे, आणि मी रस्त्यापर्यंत जाऊन तीनदा परत आलेला. शेवटी मुलगा धावत आला. पायांना ओली वाळू, चेहरा उजळलेला. "बाबा, कांसवां भायर सरलीं! शंबर तरी आसतलीं!" एवढेच तो बोलू शकला. मी त्याच्या गालावर थप्पड मारली. किल्ली हातून खाली पडली.

तुळशीपाशी माझी आई बसली होती. ती ऐंशी उलटलेली. कधी मोठ्याने बोलत नाही. ती म्हणाली, "लईरायेन भावाक लात मारली, ती अजून उज्यांतल्यान चलता. तूं खंयच्यान चलतलो रे?" आणि उठून आत गेली.

पाहुण्यांना खोली मिळाली, त्यांनी पैसे दिले, जाताना मोबाईलवर चार प्रशंसेचे शब्दही लिहिले. व्यवहार चोख झाला. फक्त त्या हंगामात मुलाने मला कासवांविषयी पुन्हा काही सांगितले नाही. कशाहीविषयी फारसे सांगितले नाही.

ही एका घरातील गोष्ट म्हणून सोडून देता आली असती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण गेली दोन वर्षे मी डोळे उघडून पाहतो आहे, आणि मला दिसते ते असे की, मोरजी, मांद्रे, हरमल या सगळ्या किनारपट्टीवर आम्ही वसंत ऋतूच भाड्याने देऊन टाकला आहे. पूर्वी हंगाम म्हटला की तो काजूचा, आंब्याचा, मिठाचा, मासळीचा. आता 'सीझन' हा एकच शब्द उरला आहे, आणि तो पावसाळा सरल्यावर सुरू होऊन वैशाखाच्या तोंडाशी विझतो. म्हणजे सृष्टी जेव्हा नटते नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही हिशेबाच्या वहीत मान घालून बसलेले असतो. जो काळ सर्वांत सुंदर, तोच सर्वांत महाग विकला जातो. आणि विकलेली वस्तू मालकाची राहत नाही.

काय काय आमच्या डोळ्यांदेखत निघून जाते याची मोजदाद तरी करावी. माघात डोंगरावरची सावर पाने झाडून टाकून लाल फुलांनी पेटते. तिच्या पाठोपाठ पांगारा येतो. आंब्याचा मोहर अंगणात गळू लागला की पायाखाली चिकट होते आणि साऱ्या घरास एक उष्ण गोड वास येतो. कुसुंबाच्या झाडाला तांबडी कोवळी पालवी फुटते, ती दुरून फुलेच वाटावीत अशी. काजूच्या बोंडांचा आंबूस दर्प संध्याकाळी डोंगरउतारावरून खाली येतो आणि भट्ट्या लागल्याची वर्दी देतो. सुरंगांचे वळेसर घेऊन बायका रस्त्याकडेला बसतात. त्या फुलांचा बहर इतका अल्पायुषी की चार दिवस नजर दुसरीकडे गेली तर वर्षभर थांबावे लागते. चैत्रात करवंदे, वैशाखात जांभळे, आणि मोगरा. यांपैकी एकासही पैसा पडत नाही. कदाचित म्हणूनच त्यांची किंमत राहिली नसावी. परवा एका परदेशी बाईने सुरंगांच्या झाडाखाली उभी राहून मला फुलाचे नाव विचारले, तेव्हा माझ्या शेजारच्या पदवीधर तरुणाने उत्तर दिले, "सम वायल्ड फ्लॉवर!" भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ऋतूंमध्ये आपण वसंत असल्याचे सांगितले आहे. ती गीता आम्ही एकादशीस वाचतो. आणि ज्या रूपात तो दारी येतो त्या रूपात त्याला ओळखत नाही.

मला कोणी अशी समजूत करून देऊ नये की, हे सौंदर्य पाहणे हा कवींचा आणि निरुद्योग्यांचा छंद आहे. आमचे पूर्वज निरुद्योगी नव्हते. ते कुळागरात, शेतात, होडीवर राबणारे लोक होते; आणि म्हणूनच त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती ही की, माणूस आपण होऊन थांबत नाही, त्याला थांबवावे लागते. देवळाचे पंचांग हे या थांबविण्याचेच शास्त्र आहे. फाल्गुनी पौर्णिमेपासून आमच्या महालात थोरला शिगमा सुरू झाला की घरच्या कर्त्याने मांडावर हजर असलेच पाहिजे. नमन झाल्यावाचून ढोल वाजायचा नाही. रोंबाट दारी आले की दार उघडे हवे, दिवा हवा, माणसे हवीत. पाडव्याला संवत्सरफल ऐकण्यासाठी बसले पाहिजे. चैत्रात कित्येक देवळांतून वसंतपूजा होते. ऋतूची पूजा म्हणून माणसांनी एकत्र बसावे, पानक प्यावे, हा त्यातला धर्म. वैशाखात धोंड व्रतस्थ राहतो, म्हणजे आपल्या रोजच्या रहाटगाडग्यातून काही दिवस बाहेर पडतो. या प्रत्येक ठिकाणी देवाने माणसाची बाही धरून म्हटले आहे: बैस.

आम्ही काय केले? विधी जतन केला आणि थांबणे तेवढे काढून टाकले. मोटार देवळाच्या दारात उभी राहते, इंजिन चालूच असते. ओटी भरली, गाऱ्हाणे घातले, प्रसादाची पुडी घेतली आणि चालक निघाला. ज्याला गर्दीत उभे राहणे जमत नाही तो दर्शन मोबाईलवर घेतो. मांडावर ढोल घुमतो तेव्हा तरुणांच्या डोळ्यांपुढे ढोल नसतो; हातातला पडदा असतो. शहरांतून शिगम्याच्या चित्ररथांच्या मिरवणुका निघतात. त्यांना माझा विरोध नाही. अनेक कलावंतांस त्यामुळे रंगमंच मिळाला. पण मिरवणुकीला प्रेक्षक असतात, मांडाला प्रेक्षक नसतात, हा भेद विसरून चालणार नाही. प्रेक्षक होणे सोपे आहे. तो केव्हाही उठून जाऊ शकतो.

आमच्या महालाचे भाग्य थोर. सोळाव्या शतकात सासष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली, तेथील देव रातोरात नदीपार न्यावे लागले. पेडणे पोर्तुगीजांच्या हाती पडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींबरोबर. त्यामुळे मोरजाईला कोठे पळावे लागले नाही. ती आपल्या जागी बसून राहिली. पळत आहोत ते आम्ही.

येथे तीन आक्षेप येतात, आणि त्यांना उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप पोटाचा. 'सुरंगां हुंगून मुलांची फी भरता येत नाही.' खरे आहे. दारिद्र्याचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी धरलेली नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत दारोदार ट्रक उभे राहिले. त्या घरांतून सक्तीची फुरसत पुष्कळ होती, आणि ती विषासारखी होती. २०२० साली तर पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, साऱ्या देशाला कुलूप लागले. मोरजीचा किनारा त्या चैत्रात निर्मनुष्य होता; वसंत अंगणात उभा होता आणि आम्ही आत बसून मृतांचे आकडे मोजत होतो. हाताला काम नसणे आणि हातचे काम खाली ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मी मागतो आहे ते दुसरे. आणि ज्यांच्याकडे दोन, चार, दहा खोल्या आहेत, त्यांनी तरी पोटाचे कारण पुढे करू नये. पोट केव्हाच भरले आहे. आता जे भरत नाही ते पोट नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, जुन्या काळी तरी कोणाला फुरसत होती? हाही मान्य. विशेषतः घरच्या बायकांना सण म्हणजे दुप्पट राबणूक होती आणि अद्याप आहे. पुरुष मांडावर रमले तेव्हा चुलीपाशी कोण होते, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक गृहिणीस आहे. लईराईचा राग मला येथे कळतो. विस्तवावाचून चूल पेटत नाही, आणि चुलीची काळजी तिला एकटीलाच होती! म्हणून थांबायचे तर सर्वांनी थांबले पाहिजे. ज्या विश्रांतीचा भार घरातील एकीच्या डोक्यावर पडतो, तिला विश्रांती म्हणणे हा ढोंगीपणा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक, कारण तो प्रेमाचे सोंग घेऊन येतो. 'आम्ही धावतो ते कुटुंबासाठीच.' मी स्वतःस हेच सांगत आलो. पण आमच्या वाड्यावर हंगामात काय चालते ते पाहा. मुलांसाठी म्हणून बांधलेली खोली पाहुण्यांना जाते आणि मुले पडवीत निजतात. आजीची खाट सामानाच्या कोठीत जाते. ज्यांच्यासाठी म्हणून मिळवावयाचे त्यांनाच प्रथम उठवावयाचे, असा हा विलक्षण संसार!

मराठी संतांनी आईच्या मायेला कासवीचा दृष्टान्त वारंवार दिला आहे: कासवी पिलांना दूध पाजत नाही, ती केवळ दृष्टीने त्यांना पोसते. टेंबवाड्यावर शापोरा नदीच्या मुखाशी जी कासवे येतात त्यांची रीत प्राणिशास्त्र वेगळी सांगते. मादी रात्री वाळूत येते, खळगा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती मागे वळून पाहत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात ती आईवाचूनच, आणि आपली वाट आपणच शोधीत लाटांकडे जातात. गेली पंचवीस वर्षे व अधिक काळ गावकरी आणि वनखाते त्या घरट्यांना राखण बसवितात. म्हणजे ज्यांची ती कोणी नव्हेत, ती माणसे रात्री जागून त्यांच्याकडे पाहतात! मग संतांचे वचन खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. कासवी ते करते की नाही हा प्रश्न गौण आहे; मूल दृष्टीने पोसले जाते, हे सत्य आहे. आणि आम्ही खळगा खणून, अंडी घालून, वाळू सारखी करून समुद्रात निघून गेलेले आईबाप आहोत.

माझ्या आईचे माहेर हरमलचे. तिचे वडील मुंबईस नोकरीला होते. १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरहद्द बंद झाली, आगगाडी बंद झाली, आणि मुंबईत असलेल्या कित्येक पेडणेकरांना घर पारखे झाले. आजोबांना पुढची कित्येक वर्षे शिगम्याला येता आले नाही. आई सांगते, पौर्णिमेच्या दिवशी आजी त्यांचे पान वाढून ठेवी आणि रात्री ते गाईला घाली. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पुढच्या फाल्गुनात आजोबा आले, आणि मांडावर उभे राहून लहान मुलासारखे रडले.

आज सरहद्द नाही. पेडण्यात रेल्वेचे स्थानक आहे. शिवोली-चोपडे फेरीबोटीसाठी ताटकळत बसण्याची पाळी येत नाही, कारण पूल झाला आहे. त्या ताटकळण्यात ज्या गप्पा होत, त्याही पुलाखालून वाहून गेल्या. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाला विमाने उतरतात. रशियातील माणूस हजारो कोस ओलांडून मोरजीचा वसंत पाहण्यास येतो, आणि पणजीला असलेला मुलगा तासाभराच्या वाटेवरून आईला फोनवर सांगतो, "औंदा वेळ ना गे." आजोबांना बंदुकांनी अडविले होते. याला कोणी अडविले?

केवळ दोष देऊन लेखणी खाली ठेवणे योग्य नव्हे. माझे मागणे थोडे आहे. आमच्या महाजनांनी व देवस्थान समित्यांनी असा संकेत पाडावा की, शिगम्याच्या दिवसांत निदान एक दिवस गावातील खोल्या, दुकाने, टॅक्सी सर्व बंद राहतील. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून एक. जो जत्रेस येईल त्याने रात्री वस्तीस राहावे. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. मीठ कमी-जास्त झाले तर देवी रागावणार नाही, तिला रागाचे फळ ठाऊक आहे. आणि वसंतपूजेच्या संध्याकाळी देवळाच्या चौकात प्रवचनकार बोलवण्यापूर्वी गावातील एखाद्या म्हातारीला बसवून कोणत्या झाडाला केव्हा फूल येते, एवढे मुलांना सांगावयास लावावे. हे ज्ञान तिच्याबरोबर गेले तर ते कोणत्याही पोथीत सापडणार नाही.

यंदाच्या फाल्गुनात मी मुलाला म्हटले, उद्या पहाटे मला उठव. त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले, पण उठवले. आम्ही टेंबवाड्याला गेलो, राखणदाराने सांगितले तेथे दोरीमागे उभे राहिलो. उजाडले. त्या दिवशी एकही पिलू वर आले नाही. घरी येताना मात्र मुलगा बोलू लागला: दोन वर्षांपूर्वी पहिले पिलू कोणत्या कोपऱ्यातून वर आले, एक उलटे पडले होते ते कसे सुलटे झाले, लाट आली तेव्हा ती सगळी क्षणात कशी नाहीशी झाली. सगळे त्याच्यापाशी तसेच होते. घरी पोचण्यास आम्हांला उशीर झाला, आणि दारात कोणीतरी किल्लीसाठी उभे होते. आईने त्यांना चहा दिला होता.

माझे प्रायश्चित्त पुरे झाले असे मी म्हणत नाही. देवीचेही अजून चालूच आहे. पण त्या कथेत एक उणीव मला राहून राहून जाणवते. विस्तव कोठे आहे, असे खेतोबाला विचारले गेले. उशीर का झाला, तेथे काय पाहिलेस, कोणता खेळ खेळलात, हे त्याला कोणीच विचारले नाही. आपल्या घरी जो उशिरा येईल त्याला आपण तेवढे तरी विचारावे.